चेंबरवरचा शेंदूर

भिंगार, ९ ऑगस्ट १९७२

गोरख,

आशीर्वाद धर. तुजं पत्र पोचलं. चार पानं लिव्हलीस, काम अर्ध्या पानाचं. दोनदा वाचलं तवा कुटं कळलं.

तू ज्याच्या शेडात हाय त्या आबासाहेबाला शर्यतीची मोटार पायजे. विकत न्हाई, बनवून. इंजिन फियाटचं, सांगाडा नळ्यांचा, वरचं अंग पत्र्याचं. आन तिला कोरडं चेंबर पायजे, ते चुलत्यानं करून द्यावं का, असं तुजं इचारनं.

कोरडं चेंबर मला शिकवू नको. लष्कराच्या कारखान्यात एकतीस वरसं घातली. साध्या मोटारीत तेल इंजिनाखाली चेंबरात बसतं, पातेल्यात आमटी बसावी तसं. मोटार जोरात वळली की आमटी एका कडंला चढते, पंप उघडा पडतो, तेलाऐवजी हवा ओढतो आन इंजिन जळतं. म्हून कोरडं करायचं. खाली फकस्त चार बोटं उंचीची परात. तेल पडलं की दुसरा पंप उचलतो आन मागच्या टाकीत नेतो. परात बुटकी, म्हून इंजिन खाली बसतं आन मोटार जमीन धरून पळते. रणगाड्याला असंच असतं. एवढंच हाय. त्याची तू चार पानं केलीस.

करून दीन. पर आधी एक सांग. तुजा बाप इमामपूरच्या घाटात गेला. घोडेगावच्या बाजारातनं बैल भरून येत हुता, दुसऱ्या ट्रकवाल्यानं डिवचलं आन रंगनाथानं शर्यत लावली. उचलायला म्याच गेल्तो. तू नऊ वरसाचा. माज्या गुडघ्यावर हात ठेवून बोल्लास की मोटारी बनवीन पर शर्यतीला बसनार न्हाई. ते हाय का इसरला, तेवढं लिव्ह. एका ओळीत.

इकडं पानी न्हाई. तुजी आई घोडेगावला दुष्काळी कामावर खडी फोडायला जाती. काकी बरी हाय.

सहादेव

*

पुणे, २० ऑगस्ट १९७२

तात्या,

पाया पडतो. विसरलो नाही. गाडी आबासाहेब स्वतः चालवणार आहेत. मी पाना घेऊन बाजूला उभा असेन. शर्यत फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, मुंबईकडच्या एका जुन्या विमानांच्या धावपट्टीवर आहे.

आता चेंबरचं. माझ्यापुढं तीन वाटा आहेत आणि मला एक निवडायची आहे. आबासाहेबांनी ते माझ्यावर सोडलंय.

पहिलं विलायतेहून आलेलं. आबासाहेबांच्या मित्रानं पाठवलं. हातात घेतलं तर कागदासारखं हलकं. पण आपल्या फियाटला त्याची भोकं जुळत नाहीत. कानसून कानसून बसवलं तर कड पातळ होईल.

दुसरं इथलंच. आमच्या शेडात राधाकृष्ण नावाचे वेल्डर आहेत, त्यांनी जाड पत्रा वाकवून, शिवण मारून केलंय. दिसायला ओबडधोबड, वजनाला तिप्पट, पण महिनाभर तेल भरून ठेवलं तरी ओलं झालं नाही.

तिसरं तुमचं, अजून न झालेलं. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं. हलकं होईल, आतून पाट्या ओतता येतील म्हणजे तेल एका कडेला पळणार नाही. पण ओतकामात बारीक छिद्रं राहतात याची भीती वाटते. खरं सांगू का, मन पत्र्याकडं आहे.

तुम्ही काय म्हणता?

गोरख

*

भिंगार, २८ ऑगस्ट १९७२

गोरख,

तीन वाटा म्हनतोस. वाट एकच हाय, दोन खड्डे हायेत.

विलायती राहू दे. ज्याची भोकं जुळत न्हाईत ते सोयरीक करायच्या बी कामाचं न्हाई. आन पत्र्याचं चेंबर म्हंजे डालड्याचा डबा. तापल्यावर शिवणीशी ताणतं आन कड वाकडी हुती. डब्यावर इंजिन ठेवणार का तू? तुजा राधाकृष्ण चांगला मानूस असंल, पर वेल्डर तो वेल्डर. दोन तुकडे जोडून खातो. ओतनारा अख्खं करतो.

छिद्राची भीती मला दाखवतोस व्हय? लष्कराच्या भंगारातले जुने पिस्टन हायेत माज्याकडं, त्याच्यापेक्षा चांगलं जर्मन, तू अ‍ॅल्युमिनियम म्हनतोस ते, तुला पुण्यात मिळायचं न्हाई. तेच मुशीत वितळवीन. साचा माज्या हातचा. मग आत रॉकेल भरायचं, बाहेरून खडू घासायचा, आन एक दीस ठेवायचं. छिद्र असंल तिथं खडू काळा पडतो. माज्या कामाचा खडू कवा काळा पडलेला न्हाई. भिंगारात कुनालाबी इचार.

हौशी मानसाची हौस हाय, दोन वळनं घेईल, फोटू काढील, मग मोटार पडून राहील. त्यासाठी एवढा नखरा कशाला? भोकांची मापं धाड. कागदावर नको, कार्डबोर्ड कापून धाड. कागद खोटं बोलतो.

सहादेव

*

पुणे, १४ सप्टेंबर १९७२

तात्या,

कार्डबोर्ड एस.टी.नं पाठवलाय, कंडक्टरकडं दिलाय. स्टँडवरून उचला.

ठरवलं. तुमचंच घेतो. राधाकृष्ण जरा नाराज झाले. म्हणाले, तुझा चुलता ओततो तर ओतू दे, पण माझं फेकू नको, कोपऱ्यात ठेव. ठेवलंय.

मी लहान असताना तुमच्या बाकाखाली बसून छिन्नीचा आवाज ऐकायचो. घरात कुणी नसलं तरी तो आवाज असला की भीती वाटायची नाही. तो आवाज माझ्या इंजिनाखाली असावा असं वाटलं. यात हिशेब काही नाही.

एकच विनंती, खडूची परीक्षा दोन दिवस करा, एक दिवस नको. गाडी जमिनीपासून चार बोटं वर आणि चेंबरच्या शेजारून धुराची नळी जाते. तिथं थेंब नको.

गोरख

*

भिंगार, १८ ऑक्टोबर १९७२

गोरख,

चेंबर धाडलं. गोणपाटात गुंडाळून दोरी मारलीय. दोरी कापू नको, सोड, ती दोरी परत धाड.

दिसायला असं की बघत राहशील. आत चार पाट्या, कड मी हातानं घासली, काचेवर ठेवलं तर कागद जात न्हाई. वजन पत्र्याच्या निम्मं बी न्हाई. तुज्या आबासाहेबाला सांग, विलायतेला धाडून दे नमुना म्हून.

खडूचं समदं बघितलं. आता कोरडं हाय.

परवा खांडेनवमी झाली. हत्यारांबरोबर ते बी पाटावर मांडलं. तेलाच्या नळीच्या तोंडाजवळ, बाहेरच्या अंगाला, शेंदराचा टिळा लावलाय, रुपयाएवढा. तेलात कालवून लावलाय. तो पुसू नको. घासू नको. राहू दे तसाच.

घोडेगावचा जनावरांचा बाजार बघवत न्हाई. बैल उभे हायेत पर घेनारा न्हाई. तुजी आई येऊन गेली, हात फुटलेत, तरी खडीवर जाती.

सहादेव

*

पुणे, ६ नोव्हेंबर १९७२

तात्या,

दोरी सोबत पाठवतोय.

दिवाळीत चेंबर बसवलं. एकही भोक कानसावं लागलं नाही. आबासाहेब खाली वाकून दहा मिनिटं बघत राहिले. राधाकृष्णांनी बोटानं कड चाचपली आणि म्हणाले, म्हाताऱ्याचा हात आहे. एवढंच. पण ते कुणाला एवढंही म्हणत नाहीत.

शेंदूर बघून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. तुम्ही कधी दगडापुढं हात जोडले नाहीत. म्हसोबाच्या जत्रेला काकीला एकटीला पाठवायचात. आईनं मोटारीला लिंबू बांधलं तर तुम्ही ते पिळून सरबत प्यायला होता. आणि या चेंबरला तुम्ही टिळा लावलात. रंगवायला माणूस आला होता, त्याला सांगितलं, एवढी जागा सोड, इथं ब्रश लावायचा नाही.

गाडी पळते तात्या. शेडामागच्या माळावर परवा काढली. तिसऱ्या गियरला पाठ सीटला चिकटते, आणि वळताना कमरेखालून जमीन सरकल्यासारखी वाटते, पण गाडी धरून राहते. असं आबासाहेब सांगत होते.

धावून आल्यावर खाली वर्तमानपत्र अंथरतो. रुपयाएवढा डाग पडतो. गार झाल्यावर पडत नाही. नळीचा जोड सैल असेल, आवळतो.

गोरख

*

भिंगार, १२ जानेवारी १९७३

गोरख,

दोन महिने पत्र लिव्हलं न्हाई. लिव्हन्यासारखं काय नव्हतं.

आप्पासाहेब म्हून आमचा एक शेतकरी हाय, विहीर खोल करतोय, साचलेलं पानी उपसायला इंजिन लावलंय. त्याच्या इंजिनाचं झाकन मागं मी नीट करून दिलं हुतं. जर्मनचं हुतं. ते परवा परत घेऊन आला. म्हनतो, सहादेव, गार असतं तवा कोरडं, तापलं की गळतं. म्या म्हनलं तुजंच कायतरी चुकलं असंल. मग बाकावर घेऊन तापवून बघितलं.

तुज्या चेंबराखाली डाग पडतो म्हनला हुतास. तो केवढा झाला? शेंदूर जागेवर हाय का? एका ओळीत लिव्ह.

आन आबासाहेबाला सांग फार पळवू नको. मोटार बघायची असती. दोन फेऱ्या मारल्या, झालं. शर्यतीत पहिलंच यायला पायजे असं कुनी सांगितलं हाय? तिळगूळ काकीनं धाडलाय, पुडीत मुंग्या शिरल्या असतील तर झटक.

सहादेव

*

पुणे, २० जानेवारी १९७३

तात्या,

तिळगूळ मिळाला. मुंग्या नव्हत्या.

डाग आता बशीएवढा पडतो, पण फार पळवल्यावरच. जोड दोनदा आवळला, नवी वायसर घातली. काळजी करू नका, मागच्या टाकीत तेल भरपूर असतं, थेंबांनी काही होत नाही. तुमच्या चेंबरकडं संशय घ्यायचं कारणच नाही, म्हणून मी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

शेंदूर जागेवर आहे. नुसता जागेवर नाही, ओला दिसतो, काल लावल्यासारखा. बाकीची गाडी धुळीनं माखते आणि टिळा तेवढा चकचकतो. राधाकृष्ण म्हणाले, देव जागा आहे तुझ्या गाडीत. ते हसत नव्हते.

आईला एक फोटो पाठवलाय गाडीचा. ती घेऊन येईल तुमच्याकडं.

गोरख

*

तार

भिंगार, ३१ जानेवारी १९७३

गोरक्षनाथ, पुणे. गाडीत बसू नको. पत्र मागून येतंय. सहादेव.

*

भिंगार, ३१ जानेवारी १९७३

गोरख,

तार केलीय. आता हे वाच, नीट वाच, उभ्यानं वाचू नको.

तुजी आई राहीबाई काल फोटू घेऊन आली. तिला वाटलं नुसती मोटार हाय. माजी नजर अधू झालीय, म्या काकीला म्हनलं भिंग आन. भिंगातनं बघितलं. स्टेरिंगमागं टोपडं घालून तू बसलाय. बाजूला पाना घेऊन तुजा आबासाहेब उभा हाय.

तू खोटं बोल्लास ते एकीकडं ठेवतो. म्या बी बोल्लो हाय. माजं मोठं हाय.

चेंबर ओतलं तवा पयला खडू काळा पडला. नळीच्या तोंडाजवळ, ज्वारीच्या दान्याएवढं छिद्र. परत ओतायचं तर आठ दीस, रॉकेल रेशनवर, दसरा तोंडावर, आन तुला लिव्हून बसलो की माजा खडू काळा पडत न्हाई. म्या मनाशी म्हनलं, हौशी मानसाची मोटार हाय, दोन वळनं घेईल. छिद्रात तांब्याची खीळ ठोकली, वर पंच मारून सपाट केली, आन शेंदूर तेलात कालवून लिंपला. नळाच्या जोडाला लावतो तसा. तो टिळा न्हाई. बुच हाय. पुजेत मांडलं ते तुज्या डोळ्यांसाठी मांडलं. तू शेंदराला हात लावायचा न्हाईस हे मला ठाऊक हुतं.

लष्करात म्या बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या, कामात अशा शंभर खिळा मारल्या, एक बी सुटली न्हाई. बिडात तांब्याची खीळ तापली की जास्त फुगती आन घट्ट बसती. आप्पासाहेबाचं झाकन तापवलं तवा कळलं, जर्मन उलटं हाय. जर्मन तांब्यापेक्षा जास्त फुगतं. छिद्र मोठं हुतं, खीळ तेवढीच राहती. गार झालं की परत कोरडं. म्हून तुला जोडावर संशय आला.

शेंदूर ओला दिसतो म्हनलास. तो देव न्हाई. तुजं तेल हाय.

शेंदूर खरवड. छिन्नीनं खरवड, खीळ दिसंल. ते चेंबर काढ आन राधाकृष्णाचं बसव. डालड्याचा डबा म्हनलो हुतो ते माघारी घेतो.

सहादेव

*

पुणे, २ फेब्रुवारी १९७३

तात्या,

तार काल मिळाली. पत्र आज सकाळी आलं, आणि आत्ता आम्ही गाडी ट्रकवर चढवून निघतोय, म्हणून घाईत लिहितो.

फोटो तुम्ही बघितलात. बरं झालं, लपवून कंटाळलो होतो. आबासाहेबांना वळणावर डोळे मिटतात, पहिल्यापासून मीच बसायचा ठरलो होतो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चेंबर ओतलं नसतं.

तुमचं पत्र मी फोडलेलं नाही. राग मानू नका. आत काय आहे ते मला माहीत आहे. इमामपूरचा घाट असणार, बैल असणार, नऊ वर्षांचा मी आणि तुमचा गुडघा असणार. ते वाचलं तर वळणावर माझा हात हलेल, आणि हात हलला तरच धोका आहे. बाबांच्या ट्रकला ब्रेक नव्हते. माझ्या गाडीत जे आहे ते एकेक मी हातानं बसवलंय, आणि जे मी केलं नाही ते तुम्ही केलंय.

पत्र सदऱ्याच्या खिशात आहे. शर्यत संपली की पहिल्यांदा तेच वाचीन. तुम्ही मला जे काय बोलला असाल ते तेव्हा ऐकून घेईन, मान खाली घालून.

निशाण पडायच्या आधी टिळ्याला बोट लावून कपाळाला लावणार आहे. तुम्ही तिथं असल्यासारखं होईल.

गोरख

*

मुंबई, २४ फेब्रुवारी १९७३

तात्या,

हात चांगले आहेत म्हणून मीच लिहितोय. आईला अजून पुरतं सांगितलेलं नाही, पाय मोडलाय एवढंच तिला माहीत आहे. उजवा पाय घोट्याच्या वर काढावा लागला. गाडी उलटली तेव्हा तो पेडलमध्ये अडकला होता.

काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं, दुसऱ्या कुणाला कळणार नाही. बाराव्या फेरीपर्यंत मी दुसरा होतो. मग तेलाचा काटा पडायला लागला. मला वाटलं काटा बिघडला. मागचं चाक सरकलं, तेही मला वाटलं रस्त्यावर कुणाचं तरी तेल आहे. ते माझंच होतं. प्रत्येक फेरीला मी वळणावर थोडं थोडं सांडत होतो आणि पुढच्या फेरीला त्यावरूनच जात होतो. चौदाव्या फेरीला धुराच्या नळीवर पेटलं. मी वळवली आणि ती वळली नाही.

सदरा त्यांनी कापून काढला. पत्र खिशात होतं, अर्धं तेलात भिजलेलं. आठव्या दिवशी नर्सनं दिलं. सगळी अक्षरं लागली नाहीत, पण शेंदूर खरवड हे लागलं.

निशाणाच्या आधी मी खरंच बोट लावलं होतं तात्या. गाडी तापवून आणलेली होती. बोट चिकट झालं. बोटाला कळलं की हे तेल आहे. मारुतीला लावतात तसं तेल, असं मी समजलो आणि कपाळाला लावलं.

मीही खोटं बोललो, त्याचा वाटा माझा आहे, तो तुमच्यावर टाकत नाही. पण एक विचारतो. तारेत गाडीत बसू नको असं का लिहिलंत? चेंबर गळतं, एवढंच लिहिलं असतं तर मी थांबलो असतो. शपथेसाठी थांबलो नसतो. त्याच्यासाठी थांबलो असतो. ट्रकवर चढवायच्या आधी दीड तासात पत्र्याचं बसवलं असतं. ते अजून शेडात कोपऱ्यात आहे.

चेंबर एस.टी.नं पाठवलंय. आबासाहेब फेकून देणार होते, मी म्हटलं नको. शेंदूर राधाकृष्णांनी खरवडला. खीळ बोटानं निघते. पुडीत बांधून सोबत ठेवलीय.

काकीला नमस्कार.

गोरख

*

भिंगार, ७ मार्च १९७३

गोरख,

चेंबर पोचलं. खीळ पोचली.

तू इचारलंस त्याचं उत्तर देतो. तारेच्या खिडकीत तारमास्तर बसतो. त्याच्या घरची बादली, त्याच्या सायकलीच्या कुलपाची बेडी, त्याच्या सासऱ्याच्या पंपाचं चाक, समदं माज्या हातचं. भिंगारात कुनाचं काय मोडलं तर तोच सांगतो, सहादेवकडं जा, त्याचं काम गळत न्हाई. म्या कागदावर आधी लिव्हलं हुतं, चेंबर गळतं. त्याच्या हातात द्यायला गेलो आन माघारी घेतलं. तिथंच खोडलं. गाडीत बसू नको लिव्हून दिलं. तो वाचून म्हनला, पुतन्याची काळजी वाटती व्हय तात्या. म्या व्हय म्हनलो.

तसं हाय ते. तुजा पाय त्या खिडकीत गेला, धावपट्टीवर न्हाई.

म्या स्वता पुन्याला आलो असतो तर एका दिसाचं काम हुतं. लाज वाटली. पत्रात तोंड दिसत न्हाई म्हून पत्र धाडलं. तुज्या आईला म्या सांगितलं. पाय गेला ते बी, खिळीचं बी. ऐकून घेतलं, उठली आन एस.टी.नं घोडेगावला गेली. पानी बी प्याली न्हाई.

आज भिंगारचा बाजार. दुकानाच्या दारात, रस्त्याला लागून, तीन विटा मांडल्या. त्यावर तुजं चेंबर ठेवलं. खीळ परत छिद्रात बसवली, आधी ठोकली हुती तशीच ठोकली. वर शेंदूर न्हाई लावला. आत तेल घातलं आन खाली स्टोव्ह पेटवला. गार हुतं तवा मानसं बघून पुढं गेली. तापलं तवा खीळ ढिली झाली आन पयला थेंब पडला. मग लोक थांबायला लागले. काकी आतनं म्हनली, हे काय मांडलंय, इझवा. म्या इझवलं न्हाई.

दुपारच्याला तारमास्तर आला, भाजीची पिशवी घेऊन. म्हनला, सहादेव, भर बाजारात काय तळतो?

म्या म्हनलं, माजं काम हाय. गळतं.

तो हसला, मग त्याच्या ध्यानात आलं आन हसायचा थांबला. पिशवी खाली ठेवली आन उकिडवा बसला. लई येळ थेंब बघत बसला.  बाकी मानसं बी त्याच्यामागं वाकून बघायला लागली.

दर बाजारी मांडनार हाय. डोळे हायेत तोवर. ओतकामाची मूस परवा फोडली. नजर अधू झाली तवाच फोडायला पायजे हुती.

माफी मागत न्हाई. मागितली तर तुला कायतरी बोलावं लागंल, आन तू जे बोलशील ते माज्यासाठी बोलशील. तुला काय बोलायचं नसंल तर बोलू नको. पत्र आलं न्हाई तर म्या समजून घीन. आलं तर फोडीन.

स्टोव्ह अजून चालू हाय. हे लिव्हतोय तवर थेंबांचा आवाज येतोय. मोजले न्हाईत, पर थांबत न्हाईत.

सहादेव